लाळ गिळता येते म्हणून रात्रभर घरीच थांबवलेलं हाड

ही केस लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, कारण यातली पहिली चूक माझीच आहे आणि ती फोनवर झालेली आहे. मी बेळगावात कान-नाक-घसा बघतो, गिळलेलं नाणं, काटा, हाड काढायचं काम आमच्याकडं वर्षभर असतं, पण यात्रांचा सीझन आला की हाडांचा नंबर वाढतो हे इथल्या कुठल्याही ईएनटीवाल्याला विचारा.

पेशंट ६२ वर्षांच्या बाई, चंदगडच्या बाजूला लागून असलेल्या एका गावातल्या. पेशंटची परवानगी घेतलीय, गावाची नाही, त्यामुळं गावाचं नाव घालत नाही. गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी भरलेली, म्हणजे घरं रंगवून झालेली, गोव्याचे, पुण्या-मुंबईचे पावणे उतरलेले, दारात मंडप, पंगतीवर पंगत उठतीय. बाईंना शुगर आहे, गोळ्या चालू, पण यात्रेच्या आठवड्यात गोळ्या कोण आठवणीनं घेतंय. आणि वरच्या जबड्याला पूर्ण कवळी, चार वर्षं झालेली, थोडी सैल. ही कवळीची गोष्ट बारीक वाटते पण अख्खी केस तिथनंच सुरू होते. आपल्याला तोंडात हाड आलं, काटा आला हे कळतं ते बरंचसं टाळूला कळतं. वरची पूर्ण कवळी टाळू झाकून टाकते, मग घास मऊ आहे की त्यात काही टोकदार आहे हे कळायचं साधनच जातं. कवळी घालणाऱ्या माणसांच्या गळ्यात हाड जास्त अडकतं त्याचं एक मोठं कारण हेच.

मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास रस्सा-भात खाताना घशात टोचलं. पुढं जे झालं ते आपल्याकडं प्रत्येक घरात होतं तेच. जाऊबाईनं कोरड्या भाताचे गोळे करून दिले, न चावता गिळा म्हणून, चार गोळे झाले, मग दोन केळी, मग कुणीतरी पाठीत थापट्या मारल्या, मग बोट घालून उलटी काढायचा प्रयत्न झाला, त्यात थोडं रक्त आलं. पावणेअकराला मला भाच्याचा फोन आला. हा उद्यमबागला फौंड्रीत आहे, त्याच्या मुलाचे टॉन्सिल मी केलेले, त्यामुळं नंबर होता. "डॉक्टर, आत्तीच्या गळ्यात कायतरी टोचुलालंय, मटण खाल्लं तवापासनं." मागं बेंजो वाजत होता, मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मी विचारलं श्वास बरोबर आहे काय, तर हो. लाळ गिळता येते काय, पाणी जातंय काय. "पाणी जातंय की, लाळ पण गिळतीया." मी म्हटलं मग आता काही देऊ नका, सकाळी नऊला घेऊन या.

लाळेचा प्रश्न आम्हाला शिकवलेलाच असतो आणि तो चुकीचा नाही. तोंडातनं लाळ गळतीय, स्वतःची थुंकी पण आत जात नाही, म्हणजे अन्ननलिका पूर्ण बंद आहे, तो पेशंट ताबडतोब घ्यायचा. पण त्याची उलटी बाजू खरी नसते. लाळ जाते याचा अर्थ एवढाच की बाजूनं वाट आहे. हाड चपटं असलं, आडवं बसलं, तर दोन्ही टोकं भिंतीत रुतलेली आणि वरनं-खालनं पाणी मस्त जातंय असं होऊ शकतं. ब्लॉक आहे की नाही हे लाळ सांगते, टोचलंय की नाही हे सांगत नाही. आणि टोकदार वस्तूचा धोका बंद होण्याचा नाहीच, टोचण्याचा आहे. युरोपियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोइंटेस्टायनल एंडोस्कोपीची २०१६ची गाईडलाईन आहे, त्यात अन्ननलिकेतली टोकदार वस्तू, बॅटरी आणि पूर्ण ब्लॉक या तिघांना एकाच ओळीत बसवलंय, शक्यतो २ तासांत, फार तर ६ तासांत काढा म्हणून. बाकीच्या वस्तूंना २४ तास. हे मला पाठ होतं. तरी रात्री पावणेअकराला, बेंजोच्या आवाजात, तोंडातनं लाळेचाच प्रश्न आला आणि उत्तर चांगलं आलं म्हणून मी झोपलो. रक्त आलेलं हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी दुखणं कमी झालं. हे पण फसवं असतं, पण घरच्यांना कसं कळणार, त्यांना वाटलं भातानं काम केलं. घरात चाळीस माणसं, बाई घरातल्या मोठ्या, त्यांनी चहा घेतला, पातळ भात खाल्ला आणि कामाला लागल्या. नऊला कुणी आलं नाही आणि माझी ओपीडी भरलेली, मी पण फोन केला नाही. दुपारनंतर मान हलवली की कळ येऊ लागली म्हणून जवळच्याच एका दवाखान्यात नेलं, तिथं मानेचा एक एक्स-रे काढला, समोरून. त्यात काही दिसलं नाही, ओरखडा असेल म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषध आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवलं. त्या डॉक्टरांवर मी बोट ठेवणार नाही, मला तो हक्कच नाही. पण तो एक्स-रे मी नंतर बघितला आणि त्यातनं शिकण्यासारखं आहे. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये अन्ननलिका बरोबर मणक्यांवर येते, हाडावर हाड, मग काय दिसणार. अडकलेलं हाड शोधायचं तर बाजूनं काढलेला फोटो पाहिजे, हनुवटी थोडी वर करून. आणि तोही कोरा आला म्हणजे हाड नाही असं नाही. मटणाचं जाड हाड दिसतं बऱ्याचदा, कोंबडीचं बारीक हाड आणि मासळीचा काटा तर पुष्कळदा दिसतच नाही. पेशंट म्हणतोय टोचतंय आणि फोटो म्हणतोय काही नाही, तर पेशंटचं ऐकायचं आणि सीटी करायचा.

गुरुवारी सकाळी साडेनऊला बाई आल्या, म्हणजे हाड गिळून ३६ तास. मान ताठ, डावी बाजू सुजलेली, आवाज जड, ताप १०१.४, नाडी ११८, शुगर २८६. बसल्या होत्या त्या पण पुढं झुकून. भाचा मागं उभा, माझ्याकडं बघत नव्हता. मी मानेवर बोटं ठेवली आणि डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर, कातडीखाली कुरकुर लागली. चुरमुऱ्यांची पिशवी बाहेरनं हळू दाबली की बोटाला जसं लागतं ना, तसं. त्याला आम्ही सर्जिकल एम्फायसेमा म्हणतो, कातडीखाली हवा शिरलेली. जिथं हवा असायला नको तिथं हवा, म्हणजे नळीला भोक पडलंय. त्या क्षणाला बाकी तपासण्या व्हायच्या आधीच निदान झालेलं असतं, बाकीचं सगळं किती आणि कुठवर हे बघायला.

इथं जरा नळीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर. पुढच्या दातांपासून मोजलं तर १५ सेंटीमीटरवर ती सुरू होते, आणि सुरुवातीलाच क्रिकोफॅरिंजिअस नावाचा स्नायूचा पट्टा आहे, तो एरवी आवळलेला असतो, गिळताना सुटतो. सगळ्यात चिंचोळी जागा तीच, म्हणून नाणं असो, हाड असो, बहुतेक वस्तू तिथंच किंवा त्याच्या जरा खाली अडकतात. त्याखाली महाधमनी आणि डाव्या श्वासनलिकेजवळ एक अरुंद जागा, आणि शेवटी पडद्यातनं पोटात जाताना एक. आता यातली वाईट गोष्ट अशी की पोटाला, आतड्याला बाहेरनं जे एक चिवट आवरण असतं ते अन्ननलिकेला नाही. भोक पडलं की लाळ, अन्न, तोंडातले सगळे जंतू सरळ मानेच्या सैल जागेत. आणि मानेतली ही मागची जागा खाली छातीत उतरते, मधे दार नाही. गिळलं की दर घोटाला थोडं थोडं खाली झिरपत जातं. पू छातीत पोचला, हृदयाच्या आजूबाजूला, की मग चांगल्या चांगल्या ठिकाणी पण माणूस हातचा जातो. मानेतलं भोक त्यामानानं बरं, छातीतलं भोक फार वाईट, आणि दोन्हीकडं २४ तास उलटले की गणित बिघडायला लागतं. आमचे ३६ झालेले.

तोंडानं सगळं बंद केलं, चहाच्या घोटासकट. सीटीला पाठवायच्या आधीच सलाईन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचा पहिला डोस आणि इन्सुलिन सुरू केलं, अँटिबायोटिक रिपोर्टची वाट बघत ठेवायचं नसतं. बाजूच्या एक्स-रेत सहाव्या मणक्यासमोरची मऊ जागा मोठ्या माणसात साधारण २२ मिलिमीटरच्या आत असते, इथं ती ३०च्या पुढं गेलेली, त्यात हवेची काळी रेघ, आणि मानेचा नेहमीचा बाक जाऊन मणके काठीसारखे सरळ. हाड पण दिसलं, फिकट, तिरकं. बेरियम पाजून बघूया काय असं आमच्या ज्युनिअरनं विचारलं. भोकाचा संशय असताना बेरियम नाही, ते बाहेर गळलं तर तिथंच चिकटून सूज वाढवतं आणि दुर्बिणीतनं बघायचं तर सगळीकडं पांढरा लेप. सीटीत चित्र साफ झालं. हाड २.८ सेंटीमीटर, चपटं, त्रिकोणी, सहाव्या-सातव्या मणक्याच्या पातळीला आडवं, डावं टोक भिंतीच्या बाहेर. बाजूला छोटं पू साठलेलं. हवा छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली पण छातीत पाणी नाही, पू नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मानेची मोठी धमनी त्या टोकापासनं लांब. हे अंतर मी स्वतः मॉनिटरवर तीनदा मोजलं. टोक धमनीला टेकलेलं असेल तर दुर्बिणीतनं ओढणं म्हणजे बूच काढण्यासारखं.

(छातीतल्या हाडाबद्दल एक सांगून ठेवतो, इथं लागू नाही पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हाड गिळल्यावर काही दिवसांनी छातीत दुखणं आणि एकदाच थोडं लाल रक्त तोंडातनं येऊन थांबलं, तर ते थांबलं म्हणून घरी बसायचं नाही. महाधमनीला भोक पडायच्या आधीची ती सूचना असू शकते, मधे काही तास किंवा दिवस माणूस ठणठणीत वाटतो आणि मग एकदम रक्ताचा लोंढा येतो.)

बाहेर पावण्यांची मीटिंग भरलेली. एकजण म्हणाला मिरजेला नेऊया, तिथं ओळख आहे, गोव्याचे म्हणाले बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नेऊ, चोर्ल्याच्या घाटातनं गेलं की झालं. मी एवढंच म्हटलं, घाटातल्या प्रत्येक वळणाला आत लाळ झिरपतीय, इथं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तयार आहे, अर्ध्या तासात ठरवा. संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये छापलेला. भाच्याला कन्नड बोलता येतं पण वाचायला अडतो, बाईंच्या मुलाला दोन्ही नाही, तो मराठी शाळेतला. सहीची घाई सगळ्यांनाच असते, पण अशा केसमध्ये नंतर "मान कापणार हे सांगितलंच नव्हतं" असं होतं, म्हणून फॉर्मच्या पाठीमागं मी हातानं मराठीत लिहिलं: दुर्बिणीनं हाड काढणार, मानेवर डाव्या बाजूला चिरा घेऊन पू काढणार, नाकातनं नळी राहणार, दोन-तीन आठवडे लागू शकतात, जिवाला धोका आहे. मुलानं दोनदा वाचलं आणि सही केली. आमच्या सीमाभागात हे करायला पाच मिनिटं जातात, मी ती घालवतो.

आता दुर्बीण कुठली, यावर आमच्या गॅस्ट्रोवाल्या मित्राशी थोडी हुज्जत झाली. वाकणारी एंडोस्कोपी आज बहुतेक केसेसना पहिली पसंती आहे आणि बरोबरच आहे, टोकाला रबरी टोपी लावून टोकदार वस्तू त्यात घेऊन काढता येते. पण ती हवा फुगवून बघते, भोक पडलेल्या नळीत हवा घालायची म्हणजे एम्फायसेमा वाढवायचा, आणि अगदी वरच्या तोंडाशी, क्रिकोफॅरिंजिअसला लागून असलेल्या हाडावर तिला पकड नीट मिळत नाही. इथं मान उघडायचीच होती, पेशंटला भूल लागणारच होती. म्हणून रिजिड, म्हणजे सरळ लोखंडी नळीची. तो मित्र शेजारी आपला स्कोप, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड लावून, घेऊन तयार राहिला, लागला तर असावा म्हणून.

भूल देणाऱ्या मॅडमचं काम इथं कुणी लिहीत नाही. पोट भरलेलं असू शकतं, म्हणून एरवी असं पटकन बेशुद्ध करताना गळ्याच्या कूर्चेवर समोरनं दाब देतात, अन्न वर येऊ नये म्हणून. इथं तो दाब द्यायचा नाही, कारण बरोबर त्याच्याच मागं हाड आहे, दाबलं की आणखी आत घुसणार. मास्कनं जोरात हवा पण मारायची नाही. सूज आल्यामुळं स्वरयंत्र एका बाजूला सरकलेलं, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनं, म्हणजे कॅमेऱ्यातनं घसा बघत, श्वासाची नळी एकदाच्या प्रयत्नात गेली आणि ओटीतल्या सगळ्यांनीच श्वास सोडला. कवळी अर्थातच आधीच काढून डबीत.

स्कोप आत गेला आणि पहिलं दिसला भात. दोन दिवसांचा फुगलेला, आंबूस वास येणारा भात, त्यात केळ्याचे धागे. सक्शननं पाच मिनिटं नुसता भातच काढत होतो. तो गेल्यावर हाड दिसलं, पिवळट, आडवं, उजवं टोक भिंतीत थोडं आणि डावं टोक पूर्ण आत, त्याच्या कडेनं पू येत होता. भाताच्या गोळ्यानं हाड खाली गेलं नाही, त्यानं फक्त पाठीमागनं रेटा दिला. सुरुवातीला टोक किती रुतलं होतं हे मला सांगता येणार नाही, पण चार गोळे, दोन केळी आणि बोट घालून काढलेल्या उलटीनं ते भिंतीच्या पार जायला मदतच केली असणार.

या कामाचा बाप म्हणजे फिलाडेल्फियाचे शेव्हेलिएर जॅक्सन, १८६५ ते १९५८. त्यांनी माणसांच्या गळ्यातनं, छातीतनं काढलेल्या २,३७४ वस्तू तिथल्या म्युटर म्युझियममध्ये खणाखणात लावून ठेवल्यात, टाचण्या, बटणं, हाडं, खेळणी. त्यांचं शिकवणं साधं होतं, पुढं जाणारं टोक भोसकतं, मागनं ओढत येणारं टोक भोसकत नाही. म्हणून हाड धरून नुसतं ओढायचं नसतं. आधी कमी रुतलेलं टोक सोडवायचं, त्यासाठी कधी हाड उलट बाजूला थोडं ढकलावं पण लागतं, मग ते नळीच्या दिशेनं उभं करायचं, टोक स्कोपच्या लोखंडी नळीत घ्यायचं आणि हाड, चिमटा, स्कोप तिन्ही एकदम बाहेर. आमचं उजवं टोक लगेच सुटलं. डावं सुटताना एक बारीक झटका हाताला लागला आणि पाठोपाठ पुवाची धार. हाड ट्रेमध्ये पडल्याचा टण्ण आवाज सिस्टरनी ऐकला आणि घड्याळ बघितलं, बारा वाजून चाळीस मिनिटं.

परत स्कोप घातला. नेहमी घालायचा, दुसरा तुकडा असू शकतो आणि जखम बघायची असते. डाव्या मागच्या बाजूला साधारण ८ मिलिमीटरची फाट, कडा काळपट, मऊ पडलेल्या. नजरेसमोर रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातनं जाणारी खाण्याची नळी, पोटात सोडली. अशा पेशंटला वॉर्डमध्ये अंदाजानं नळी ढकलायची नसते, ती भोकातनंच मानेत जायची. मग डाव्या मानेवर चिरा, स्नायूच्या पुढच्या कडेनं आत, धमनी बाजूला धरून नळीच्या मागं पोचलो, १५ मिली घाण पू निघाला, त्यातही दोन-तीन शितं. शितं मानेत, म्हणजे विचार करा. धुतलं, ड्रेन, म्हणजे पू बाहेर यायची नळी, ठेवला. भोक शिवलं नाही. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला, भोक आहे आणि डॉक्टर शिवत नाहीत म्हणजे काय. सुजलेल्या, सडलेल्या कडांत टाका धरत नाही, उलट फाट वाढते. मानेतल्या भोकाला पू आणि लाळ बाहेर काढायची वाट दिली, वरनं अन्न बंद ठेवलं, तर ते बहुतेक आपणहून भरतं. पहिल्या काही तासांत आले असते आणि कडा ताज्या असत्या तर शिवलं असतं. खरं तर पहिल्या काही तासांत आले असते तर कदाचित भोकच नसतं, वीस मिनिटांत हाड काढून दुसऱ्या दिवशी घरी गेले असते.

पुढचे दिवस कंटाळवाणे, आणि कंटाळवाणे असणंच चांगलं. तीन दिवस आयसीयू. नाकातल्या नळीतनं दुसऱ्या दिवसापासनं थोडं थोडं सुरू केलं, आधी डाळीचं पाणी, मग गाळलेली नाचणीची पातळ गंजी, प्रोटीन पावडर. उपाशी ठेवून जखम भरत नाही हे आमच्या डाएटिशियन मॅडम घरच्यांना रोज सांगायच्या, आणि घरच्यांची भीती वेगळीच, की नळीतनं घातलेलं परत मानेतनं येणार. बाईंचं एकच मागणं, तोंड ओलं करा. कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायचा, लाळ गिळायची नाही, वाटीत थुंकायची. ज्या लाळेवर मी फोनवर विश्वास टाकला तीच आता वाटीत मोजत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी परत १०१ ताप आला आणि ड्रेनमध्ये पुवाऐवजी पातळ, बुळबुळीत पाणी, दिवसाला ४० मिली. म्हणजे भोकातनं लाळ येतीय. हे अपेक्षित असतं तरी पोटात गोळा येतो. प्रश्न ताप कशाचा हा होता, म्हणून परत सीटी केला, छाती स्वच्छ होती. पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, स्ट्रेप्टोकोकस आणि क्लेबसिएल्ला हे जंतू आलेले, शुगरच्या पेशंटच्या मानेच्या पुवात हा क्लेबसिएल्ला बऱ्याचदा सापडतो, चालू असलेलं औषध त्यावर लागू होतं. शेवटी हाताच्या सलाईनची जागा लाल झालेली सापडली, ती बदलली आणि ताप उतरला. इतकी साधी गोष्ट शोधायला आम्ही सीटी केला, पण अशा केसमध्ये मी परत पण तेच करीन.

आठव्या दिवशी पाण्यात विरघळणारा आयोडीनचा डाय पाजून स्क्रीनिंग केलं, म्हणजे तो गिळताना एक्स-रेवर बघितला. हा डाय पण जपून निवडायचा, जुना घट्ट प्रकार चुकून फुफ्फुसात गेला तर फुफ्फुसात पाणी भरतं, आम्ही आयोहेक्सॉल वापरलं. बारीक गळती दिसली, केसासारखी रेघ. घरी न्यायची तयारी करून आलेल्या सुनेनं पिशवी परत खाली ठेवली. ड्रेन मात्र ४० वरनं १५ वर, १५ वरनं ५ वर आलेला. तेराव्या दिवशी परत डाय, गळती नाही. त्या दुपारी पहिला चमचा पाणी. बाई म्हणाल्या, "गोड लागतंय." मग दोन दिवस पातळ, मग मऊ भात. भात बघून त्या स्वतःच हसल्या. सतराव्या दिवशी घरी.

बिलाचं बोलायला नको, पण एवढं सांगतो की सरकारी स्कीमचं कार्ड होतं म्हणून निभावलं, आणि ते कार्ड पहिल्याच दिवशी मागून घेतलं होतं म्हणून निभावलं. कार्ड घरी ट्रंकेत आणि पेशंट आयसीयूत असं नेहमी होतं.

माझ्या बाजूनं काय बदललं ते लिहितो. रात्री असा फोन आला की लाळ विचारायच्या आधी आता मी विचारतो, काय खाल्लं, हाडाचं होतं काय, काटा होता काय. हो म्हटलं की पुढचे प्रश्न गाडीत बसल्यावर. बोट नेमकं कुठं दाखवतात तेही विचारतो, कारण गळ्यातली जागा पेशंट बरीच बरोबर दाखवतो, छातीतली मात्र नाही. भात-केळं-व्हिनेगर काही नाही, उलटी काढायची नाही, पाणी पण नाही, कारण भूल द्यायला रिकामं पोट बरं. वरची कवळी आहे का हा एक जास्तीचा प्रश्न. आणि हे सगळं मोठ्यांच्या हाडाचं झालं. लहान पोरानं खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी गिळली असेल तर तिथं एक मिनिट पण बोलत बसायचं नाही, ती टोचत नाही, करंटनं जाळते, दोन तासांत भिंत जळू शकते. वर्षाच्या वरच्या मुलाला, गिळता येत असेल तर, वाटेत दर दहा मिनिटाला दोन चमचे मध देतात, त्यानं जळणं जरा कमी होतं, पण मधासाठी दुकानात थांबायचं नाही.

सहा आठवड्यांनी बाई आल्या, चालत, पदर मानेवरनं घेऊन वण झाकलेला. वाकणाऱ्या स्कोपनं आत बघितलं, जखमेचा पांढरा पट्टा राहिलाय पण नळी आवळलेली नाही. भाकरी जाते, मटण पण एकदा खाल्लं म्हणाल्या, सुनेनं बोटानं चाचपून हाडं काढून दिलेलं. भाच्यानं मला सरळच विचारलं, डॉक्टर त्या रात्री लगेच आणलं असतं तर? मी म्हटलं, आणायला सांगायला मी पाहिजे होतो. तो गप्प बसला, मग म्हणाला, यात्रेत गाडी पण मिळाली नसती. हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, माहीत नाही. हाड आमच्या ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये बाटलीत आहे. कवळी मात्र अजून तीच, सैल, दाताच्या डॉक्टरांकडं जायला सुगीनंतर बघू म्हणाल्या.